अकरा महिने, १४ हजार किलोमीटर: ईएसपी, रनिंग-इन आणि ॲव्हरेज

गेल्या दसऱ्याला घेतलेल्या गाडीला आता अकरा महिने झाले असून मीटरवर १४,२०० किलोमीटर पडले आहेत. गाडी १.२ लिटरच्या तीन सिलिंडर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची, साधी हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव आले की माणसे मजकूर सोडून नावावरच भांडत बसतात, आणि मला जे सांगायचे आहे ते या वर्गातील कोणत्याही गाडीला लागू पडणारे आहे. मी साताऱ्यात राहतो. आठवड्यातून एकदा कामासाठी पुण्याला जातो आणि चिपळूण ही सासुरवाडी असल्यामुळे महिन्याकाठी एकदा कुंभार्ली घाट उतरावा लागतो. म्हणजे महामार्ग, घाट आणि गावातील गर्दी या तिन्हींचा वाटा या अनुभवात आहे.

गाडी निवडताना माझी एकच अट होती, ती म्हणजे ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा, असलेच पाहिजे. शोरूममधील तरुणाने मला सनरूफ तीनदा उघडून दाखवले आणि ईएसपीबद्दल विचारल्यावर म्हणाला, “ते आतमध्येच असतं सर, दिसत नाही.” उत्तर तसे खरेच होते. एबीएस आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले. ते जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू देत नाही, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाही स्टेअरिंग आपल्या हातात राहते. ईएसपी त्याच्या पुढची पायरी आहे. स्टेअरिंग किती वळवले आहे, गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे आणि चारही चाके कोणत्या वेगाने फिरत आहेत, हे ते सेकंदाला अनेक वेळा तपासत राहते, आणि चालकाचा इरादा व गाडीची दिशा यांत फरक पडला की एखाद्याच चाकाला स्वतःहून ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद क्षणभर कमी करते. बॉश कंपनीने तयार केलेली ही यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या गाडीत १९९५ साली आली, पण ती छोट्या गाडीपर्यंत पोहोचली ती एका फजितीमुळे. १९९७ साली स्वीडनमध्ये, रस्त्यावर अचानक आलेला प्राणी चुकवावा तशा चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीला त्या गाडीत ईएसपी सरसकट द्यावे लागले.

आता रनिंग-इनविषयी, म्हणजे नवी गाडी सुरुवातीचे काही किलोमीटर जपून चालवण्याविषयी. वडिलांनी चेतक घेतली तेव्हा पहिले हजारभर किलोमीटर चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, असा घरात दंडकच होता, आणि त्या काळात नव्या गाडीच्या मागच्या काचेवर ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठीही दिसत असे. हल्लीच्या इंजिनांचे सुटे भाग पुष्कळ अचूक घडवलेले असतात, म्हणून ही काळजी आता गरजेची नाही असे ठामपणे सांगणारे भेटतात; माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मात्र पहिल्या १,००० किलोमीटरसाठी स्पष्ट सूचना आहेत. इंजिन तार सप्तकात नेऊ नये, एकाच वेगाने तासन्‌तास चालवू नये, सुरुवातीला करकचून ब्रेक दाबू नयेत आणि वरच्या गिअरमध्ये गाडी रडत-रखडत चालवू नये. यातील शेवटची सूचना बहुतेक जण विसरतात. सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम ठेवलेल्या बारीक तिरप्या रेघांवर पिस्टनच्या रिंगा घासून नीट बसायच्या असतात, आणि त्या रिंगांना भिंतीवर दाबते ते जळत्या वायूचे प्रेशर. त्यामुळे गाडी अगदीच अंग चोरून चालवली तर रिंगा बसायला उलट वेळ लागतो. मी दीड ते तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दरम्यान, वेग सतत कमी-जास्त करत, पुणे महामार्गाऐवजी वाई, मेढा आणि कोरेगावच्या रस्त्यांवर गाडी फिरवली. पहिल्या हजारात ॲव्हरेज १५.९ आले, त्यानंतर पाच हजारांपर्यंत १८.१, आणि तेव्हापासून एकूण सरासरी १९.४ वर स्थिर आहे. हे सर्व आकडे टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल या पद्धतीचे आहेत. डॅशबोर्डवरचा आकडा माझ्या गाडीत नेहमी एक-सव्वा किलोमीटरने खुशामत करतो. या सुधारणेचे सगळे श्रेय इंजिनाला देणे मात्र बरोबर नाही, कारण तेवढ्या काळात माझा क्लचवरचा पायही सुधारला.

रनिंग-इन फक्त इंजिनाचे नसते, हे मला उशिरा कळले. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश राहिलेला असतो आणि तो घासून जाईपर्यंत, म्हणजे पहिले काहीशे किलोमीटर, टायर रस्ता पूर्ण ताकदीने धरत नाहीत. ब्रेकचे पॅडही डिस्कवर बसायला थोडा वेळ घेतात. त्यातच गाडी ताब्यात मिळाल्यापासून खड्ड्यांवर टणाटण उडत होती. पाचव्या दिवशी पंक्चरवाल्याकडे हवा तपासली तेव्हा चारही टायरांत ४४ पौंड निघाले, आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवरील कागद सांगत होता ३३. कारखान्यातून ट्रेलरवर येणाऱ्या गाड्यांत हवा जास्त भरलेली असते आणि ती ग्राहकाला देण्यापूर्वी उतरवणे हे विक्रेत्याचे काम असते. त्यांना फोन केला तर “काही होत नाही, पहिल्या सर्व्हिसिंगला बघू” असे उत्तर मिळाले. पहिल्या सर्व्हिसिंगला त्यांनी हवा बघितली नाही. इंजिन फ्लशिंग आणि तळाच्या कोटिंगची यादी मात्र न मागता पुढे केली. दोन्हींना मी नकार दिला.

पुढे मात्र हीच चूक मी स्वतःच्या हाताने केली. मार्चमध्ये ॲव्हरेजच्या हव्यासापोटी टायरमधील हवा ३८ पौंडांवर नेली. टणक टायर कमी चपटतो, त्यामुळे तो फिरवायला ताकद कमी लागते, हे तत्त्व खरेच आहे. तीन महिन्यांच्या हिशेबात मिळाले किती, तर लिटरमागे जेमतेम ४०० मीटर. गमावले काय, ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात केळघर घाटात कळले. महाबळेश्वरहून मेढ्याकडे उतरत होतो, वेग पस्तीस-चाळीसच्या आसपास, पहिल्याच मोठ्या पावसाने डोंगरावरची तांबडी माती रस्त्यावर आणून सोडलेली. उजवीकडच्या एका वळणावर मी स्टेअरिंग फिरवले आणि गाडीचे नाक फिरलेच नाही. ते सरळ डावीकडच्या कठड्याच्या दिशेने निघाले. पाय उचलतो न उचलतो तोच पुढून कर्र असा घासल्यासारखा आवाज आला, मीटरमधला घसरत्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा फडफडला आणि कोणी मागून कॉलर धरून वळवावे तशी गाडी आत वळली. अशा वेळी यंत्रणा वळणाच्या आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला, म्हणजे इथे उजव्या मागच्या चाकाला, ब्रेक लावते आणि त्या टेकूवर गाडी फिरते. सगळे मिळून सेकंदभराचे काम असावे. शेजारी बसलेल्या पत्नीने फक्त “कसला आवाज होता हो?” एवढेच विचारले.

त्याच संध्याकाळी हवा पुन्हा ३३ वर आणली. त्यानंतरच्या तीन महिन्यांच्या पावसात, त्याच घाटात, तो दिवा दोनदाच चमकला, तोही अगदी निमिषभर. सगळा दोष हवेचा होता असे मी म्हणणार नाही, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून तयार होणारा राप कोणत्याही टायरला नडतोच. पण ईएसपीकडे स्वतःची पकड नसते. ते ब्रेक लावू शकते, इंजिन दाबू शकते, पण शेवटी हे सगळे रस्त्यापर्यंत पोहोचते ते तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांतून, आणि तेच तुकडे मी पाच पौंड हवेपायी आकसून ठेवले होते.

ॲव्हरेज वाढवण्याची दुसरी घरगुती युक्ती म्हणजे उताराला गाडी न्यूट्रल करणे. वडिलांचा तिच्यावर फार विश्वास. कुंभार्ली घाट उतरताना ते म्हणाले, “अरे, न्यूट्रलला टाक की, फुकट पेट्रोल जाळतोस.” मी डॅशबोर्डवर त्या क्षणाचे ॲव्हरेज लावले आणि म्हटले, “बाबा, तुम्ही आकडा बघत राहा.” दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी तीसच्या वेगाने, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचललेला असताना आकडा ९९.९ वर, म्हणजे मीटरच्या टोकाला, जाऊन थांबला. मग रस्ता मोकळा आणि सरळ असल्याची खात्री करून मी दोन क्षण न्यूट्रल केले, तर आकडा ४३ वर आला. गिअरमध्ये असताना चाकेच इंजिनाला फिरवतात, म्हणून आजची इंजेक्शनची इंजिने अशा वेळी पेट्रोल पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला जिवंत राहायला स्वतःचे पेट्रोल लागते. कार्बोरेटरच्या काळात वडिलांचे गणित बरोबर असेल, आणि हलक्या लांब उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी अधिक दूर घरंगळते हेही खरे आहे. पण घाटात इंजिनाचा रोध सोडून सगळा भार ब्रेकवर टाकायचा, ते तापवायचे, आणि वळणावर इंजिनाला चाकांपासून तोडून बसायचे, यात वाचण्यासारखे काही नाही. वडिलांनी बराच वेळ आकड्याकडे पाहिले आणि “मीटर कंपनीचंच ना” असा शेरा मारला.

खरी बचत वेगात आहे. सातारा-पुणे प्रवासात ८० ते ८५ धरून चाललो तर ॲव्हरेज २२.३ मिळते, शंभरच्या आसपास गेलो की ते १९.१ वर उतरते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८० वरून १०० म्हणजे वेगात चतुर्थांश वाढ, पण रोधात ५६ टक्क्यांची. आणि एवढे करून खेड-शिवापूरच्या टोल नाक्यावर मला मागे टाकून गेलेली गाडी बहुतेक वेळा रांगेत माझ्यापुढे तीन नंबरवर उभी असते. जाहिरातीतला आकडा मला अजून एकदाही दिसलेला नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षाही नाही. तो आकडा ज्या चाचणीतून येतो, ती एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि तिच्यात वेग ९० च्या वर जातच नाही. शिवाय हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे जुन्या गाडीच्या आठवणीतल्या ॲव्हरेजशी तुलना करणे नव्या गाडीवर अन्यायाचे ठरते.

ईएसपीबरोबर आलेल्या दोन लहान गोष्टी. कासच्या फुलांच्या दिवसांत यवतेश्वर घाटात गाड्या तुंबल्या की चढावर ब्रेक सोडल्यावरही गाडी दोनेक सेकंद धरून ठेवणारी सोय हँडब्रेकची कसरत वाचवते, आणि अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय सुटल्याने क्लचही वाचतो. दुसरी गोष्ट उलटी आहे. पावसाळ्यात गावाकडे वावराच्या कडेला गाडी चिखलात बसली तेव्हा चाके फिरू लागताच यंत्रणा इंजिनाची ताकद काढून घेई आणि गाडी जागची हलेना. बटण दाबून ईएसपी बंद केले, दुसऱ्या गिअरवर हळूहळू आत-बाहेर केली, तेव्हा निघाली. त्या कामासाठीच ते बटण आहे. डांबरी रस्त्यावर आल्यावर ते पुन्हा सुरू झाले आहे ना, एवढे मात्र पाहावे.

१०,००० च्या सर्व्हिसिंगला टायर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले, तेव्हा मेकॅनिकने चारही टायर मधोमध जास्त झिजल्याचे दाखवले. ती त्या तीन महिन्यांच्या ३८ पौंडांची खूण. खाचांची खोली १.६ मिलिमीटर होईपर्यंत कायद्याने टायर चालतो, पण केळघरचे ते वळण पाहिल्यानंतर तीन मिलिमीटरच्या खाली मी पावसाळ्यात जाणार नाही. आत्ताच्या झिजेच्या हिशेबाने पुढचा पावसाळा या टायरांवर निघेल, त्यापुढचा नाही.