मुंगूस, हंस आणि एटिमऑनलाइन

इंग्रजी शब्दाचं मूळ फुकटात शोधायचं असेल, तर डग्लस हार्पर यांचा एटिमऑनलाइन हा कोश सगळ्यात आधी उघडावा. फक्त नोंद वाचायची कशी, हे माहीत हवं.

‘मॉन्गूस’ टाकून बघा. साल येतं १६९० चं दशक. मागे पोर्तुगीज, तिच्यामागे आपलं मराठी मुंगूस, आणि त्याच्याही मागे द्राविडी घराणं. तेलुगूत मुंगिस, कन्नडमध्ये मुंगुसी. पण पोर्तुगीजला ‘कदाचित’ जोडलंय आणि द्राविडीला ‘बहुधा’. हे दोन शब्द गाळले की नोंदीचा अर्थच बदलतो. सालाचंही तसंच: इंग्रजीत तो शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडला, एवढंच ते सांगतं. बोलण्यात तो त्याआधीपासून असू शकतो.

शेवटच्या ‘गूस’चा त्या नावाच्या पक्ष्याशी काही संबंध नाही. परक्या शब्दाला ओळखीचं वळण मिळालं, इतकंच. म्हणून रूढ अनेकवचन ‘मॉन्गीस’ नव्हे, ‘मॉन्गूसेस’.

आता नुसता ‘गूस’ उघडा. जुन्या इंग्रजीत ‘गोस’, जर्मनमध्ये आजही ‘गान्स’. इंग्रजीत ‘स’च्या आधीचा ‘न’ गळला आणि स्वर लांबला. आद्य इंडो-युरोपीय (संस्कृत, इंग्रजी, जर्मन यांची तर्काने मानलेली पूर्वज भाषा) मूळ दिलंय ‘घान्स’, आणि त्याच कुळात संस्कृत ‘हंस’! इथेच बरेच जण घसरतात आणि हंसावरून गूस आला असं लिहितात. नोंदीत ‘पासून’ कुठे आहे आणि ‘सगोत्र’ कुठे, हे बोट ठेवून वाचावं. हंस आणि गूस भाऊबंद आहेत, बापलेक नव्हेत. नोंदीत ‘घान्स’च्या आधी असलेली तारकाही (*) सोडू नये, ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलना करून बांधलेलं आहे.

भारतीय भाषांपाशी आलं की मात्र हा कोश तोकडा पडतो. देवनागरी नाही, रोमन लिपीत ट-त, ड-द यांतला फरक बऱ्याचदा हरवतो, आणि कुठल्या विधानाला कशाचा आधार, हे सहसा कळत नाही. मराठी दुवा तपासायला मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. तो शेजारी उघडा ठेवावा.

वर्गात शिकवायला एवढं पुरतं. छापायला द्यायचं असेल, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची वर्गणी भरणारं ग्रंथालय गाठा. तिथे प्रत्येक अर्थाखाली सालवार मूळ वाक्यं दिलेली असतात.