पाचशे ऐंशी म्हणून घेतलं, निघालं पाचशे सत्तर

मी सांगलीत लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. २०२३ च्या जानेवारीत लग्नसराईचं काम साठलं होतं आणि माझं जुनं दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड फोर-के फुटेजला धाप टाकत होतं. टाइमलाइन अडखळायची, रेंडर मध्येच बंद पडायचा. बाजूला काढलेले बारा हजार घेऊन मुंबईला गेलो आणि लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात शिरलो. दुकानाचं नाव लिहीत नाही.

मला एएमडी कंपनीचं आरएक्स ५७० हे ग्राफिक्स कार्ड हवं होतं. दुकानदार म्हणाला, "दादा, सत्तर कशाला घेता? त्याच्या वरचं ५८० देतो. आठ जीबी, नवीन, सीलपॅक." खोक्यावर ठसठशीत अक्षरांत आरएक्स ५८० छापलेलं. पाचशे सत्तरपेक्षा पाचशे ऐंशी मोठं, एवढा हिशोब कुणीही करतो. मीही केला. साडेअकरा हजार मोजले आणि रात्रीची गाडी धरली.

घरी कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव आलं, पण त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं: आरएक्स ५८० २०४८एसपी. खोक्यावर हे कुठेही नव्हतं. मग कार्डाची आतली माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. शेडर्सच्या, म्हणजे चिपमधल्या चित्राची गणितं करणाऱ्या छोट्या एककांच्या, रकान्यात आकडा होता २०४८. खऱ्या आरएक्स ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ हा आकडा आरएक्स ५७० चा आहे.

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आरएक्स ४७० आलं, शेडर्स २०४८. २०१७ च्या एप्रिलमध्ये जवळजवळ तीच चिप थोडा वेग वाढवून आरएक्स ५७० म्हणून आली, शेडर्स २०४८. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये चीनच्या बाजारासाठी पुन्हा तेच २०४८ आले, आणि या वेळी खोक्यावर ५८०. चिप तीच राहिली आणि तिने तीन नावं घेतली. चीनमध्ये निदान मागे '२०४८एसपी' हे शेपूट तरी होतं. माझ्यापर्यंत येताना तेही कापलं गेलं.

कुणी म्हणेल, फरक तो केवढा? शेडर्समध्ये साधारण ११ टक्के. रेंडरमध्ये तो फारसा जाणवलाही नसता. पण मी पैसे ५८० चे दिले होते. किलोच्या भावात नऊशे ग्रॅम साखर दिली, तर आपण वाण्याला विचारतोच ना?

हे नवीनही नाही. २००९ मध्ये एनव्हिडिया कंपनीचं जीटीएस २५० नावाने विकलं गेलेलं कार्ड म्हणजे आदल्या वर्षीचं ९८०० जीटीएक्स प्लस होतं. एएमडीचं २०१३ चं आर९ २८०एक्स हे जुन्या एचडी ७९७० च्याच चिपवर होतं. जुनी चिप स्वस्तात विकायला माझी अजिबात हरकत नाही. माझ्यासारख्या छोट्या व्यावसायिकाला तीच परवडते. हरकत आहे ती नवा आकडा लावून ती नवी भासवण्याला. कधी तर नावही बदलत नाही, आतला माल बदलतो. माझ्या मावसभावाने जीटी १०३० घेतलं. त्याचे दोन प्रकार आहेत, एक जीडीडीआर५ मेमरीचा, दुसरा २०१८ मध्ये आलेला डीडीआर४ चा. पहिल्याचा मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १६.८. नाव दोन्हींचं एकच. त्याच्या वाट्याला दुसरा आला.

माझी गोष्ट इथेच संपली असती तर मी गप्प बसलो असतो. एप्रिलमध्ये, ऐन हंगामात, स्क्रीनवर हिरवे ठिपके यायला लागले. आधी रेंडर करताना, मग नुसता डेस्कटॉप उघडला तरी. मी कार्ड काढून दिव्याखाली धरलं. वरचं प्लॅस्टिक चकचकीत, पण मागच्या चारही स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या. म्हणजे कार्ड आधी कुणीतरी उघडलेलं होतं. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांच्या मुळाशी काळपट धूळ चिकटून बसलेली, आणि मेमरीच्या चिपांशेजारी उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ थर्मल पॅडमधून पाझरलेलं तेल. बोटाला लागलं. तीन महिन्यांत एका घरगुती पीसीत असं होत नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर चालणारं त्याचं मायनिंग, म्हणजे गणितं करून नाणी मिळवण्याचं काम, थांबलं. दिवसरात्र राबलेली कार्डं त्यानंतर ढिगाने बाजारात आली. माझं कार्ड त्यातलंच असावं, हे मी त्या खुणांवरून म्हणतो.

दुकानदाराला फोन केला. "साहेब, टेस्टिंग वॉरंटी एक महिन्याची होती," तो म्हणाला. मी २०४८ बद्दल विचारलं. "बॉक्सवर ५८० लिहिलंय, मी ५८० दिलं." फोन ठेवला. नंतर त्याने उचललाच नाही.

ओळखीच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं प्रत्येकाने ऐकावं असं आहे. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. माझ्या मनाने उभारी धरली. मग त्यांनी बिल मागितलं. मी दिलेला कागद त्यांनी उलटसुलट पाहिला. त्यावर हाताने लिहिलं होतं, 'व्हीजीए कार्ड ८ जीबी, १ नग, ११,५००'. जीएसटी नंबर नाही, सिरियल नंबर नाही. "यात ५८० कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी पक्कं बिल मागितलं नव्हतं, कारण जीएसटी वर पडेल असं दुकानदार म्हणाला होता. साडेअकरा हजार तिथेच बुडाले, आणि दोन पार्ट्यांचे व्हिडिओ उशिरा दिले म्हणून त्यांचा विश्वास गेला, तो वेगळाच.

म्हणून कळकळीने सांगतो, कार्डाच्या नावावर जाऊ नका. शेडर किती, मेमरी कुठल्या प्रकारची, किती बिटची, हे दुकानात जायच्या आधी लिहून न्या. काउंटरवरच कार्ड लावून जीपीयू-झेड दाखवायला सांगा आणि त्या स्क्रीनचा फोटो काढा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. बिल पक्कंच घ्या, त्यावर पूर्ण नाव, सिरियल नंबर आणि 'नवीन' हा शब्द लिहून घ्या. वॉरंटी ब्रँडची की दुकानाची, तेही विचारा. ऑनलाइन घेतलं असेल तर पाकीट फोडण्यापासून सलग व्हिडिओ करा. फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

ते कार्ड मी भंगारात दिलेलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलंय. सांगली-मिरजेत कुणी जुनं-नवं कार्ड घ्यायला निघालं असेल तर आधी माझ्याकडे या. झिजलेला स्क्रू आणि पॅडचं तेल कसं दिसतं, ते हातात घेऊन बघा, मग बाजारात जा.