जोडीपलीकडचे सहसंबंध: नौपाड्यातील एका अभ्यासवर्गाविषयी

अभिजात (म्हणजे क्वांटम नसलेल्या, नेहमीच्या) आणि क्वांटम प्रणालींच्या अनेक घटकांमधील सहसंबंध कसे मोजावेत, या विषयावर ठाण्यात नौपाड्यातील एका खासगी शिकवणीने शनिवार-रविवारचा अभ्यासवर्ग घेतला. मॅट्रिक्सचा चांगला सराव असणाऱ्यालाच तो झेपतो. प्रवेश देताना हे स्पष्ट सांगायला हवे होते.

फळ्यावरची मांडणी उत्तम होती. शिक्षकांनी शॅनन यांच्या १९४८ च्या एन्ट्रॉपीपासून (अनिश्चिततेचे बिटमधील माप) सुरुवात केली आणि ते वाटानाबे यांनी १९६० मध्ये मांडलेल्या ‘एकूण सहसंबंधा’पर्यंत सावकाश पोहोचले: सुट्या घटकांच्या एन्ट्रॉपींची बेरीज करायची आणि तीतून संपूर्ण प्रणालीची एन्ट्रॉपी वजा करायची. दोन बिट नाणेफेकीने ठरवून तिसरा त्यांच्या एक्सऑरने (दोन्ही वेगळे असतील तर १, एकसारखे असतील तर ०) काढला, तर कोणत्याही जोडीत संबंध आढळत नाही, तिघांचा मिळून मात्र १ बिट निघतो. तिन्ही बिट एकसारखे असतील तर २, आणि जीएचझेड अवस्थेतील (‘तिन्ही ०’ आणि ‘तिन्ही १’ यांच्या क्वांटम अध्यारोपणातील) तीन क्यूबिट, म्हणजे क्वांटम बिट, घेतले तर ३. कारण तेथे प्रत्येक क्यूबिटची एन्ट्रॉपी १ असूनही संपूर्ण अवस्थेची शून्य असते, जे अभिजात प्रणालीत शक्यच नाही.

सर्वांत मोलाचे सत्र तिघांच्या सामाईक माहितीचे होते: सुट्या घटकांच्या एन्ट्रॉपींतून जोड्यांच्या वजा करायच्या आणि संपूर्ण प्रणालीची मिळवायची. हे माप एक्सऑरला उणे १ देते, एकसारख्या बिट्सना अधिक १ आणि जीएचझेडला चक्क शून्य. तीन घटकांच्या कोणत्याही शुद्ध (एकूण एन्ट्रॉपी शून्य असलेल्या) अवस्थेत जोडीची एन्ट्रॉपी उरलेल्या एकाएवढीच असल्यामुळे सर्व पदे एकमेकांना खोडतात, हे विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतले गेले. (माझ्या मते शुल्क येथेच वसूल झाले.) त्यामानाने डब्ल्यू अवस्था (तिघांपैकी नेमका एक क्यूबिट १ असण्याच्या तिन्ही शक्यतांचे अध्यारोपण) घाईने आटोपली; एक क्यूबिट गमावल्यावर जीएचझेडच्या उरलेल्या जोडीत एंटँगलमेंट (अभिजात प्रणालीत न आढळणारा क्वांटम संबंध) राहत नाही आणि डब्ल्यूच्या जोडीत राहते, एवढाच उल्लेख झाला.

प्रात्यक्षिकाने मात्र निराशा केली. ठाणे, कळवा आणि मुंब्रा येथील लोकलच्या उशिराच्या मोजक्या नोंदी पायथनमध्ये भरून जो आकडा आला, तोच सहसंबंध म्हणून स्वीकारला गेला. थोड्या नोंदींवरून थेट काढलेली एन्ट्रॉपी सरासरीने कमी भरते आणि ही तूट एकत्रित वितरणात अधिक असल्यामुळे पूर्णपणे स्वतंत्र घटकांतही संबंध दिसू लागतो. स्थानके वाढवावीत तसे संभाव्य नोंदींचे रकाने गुणाकाराने वाढतात आणि हा दोष बळावतो. ही तूट कमी करणारी मिलर-मॅडो दुरुस्ती १९५५ पासून उपलब्ध आहे. निदान प्रत्येक स्थानकाच्या नोंदींचा क्रम स्वतंत्रपणे विस्कटून तोच आकडा पुन्हा काढायला लावला असता, तरी खरा संबंध किती आणि आभास किती, याचा अंदाज वर्गातच आला असता.

छापील टिपणे नेटकी आहेत. सिद्धांतासाठी हा वर्ग अवश्य करावा. विदा-विश्लेषण शिकायला येणाऱ्यांनी प्रात्यक्षिक सुधारेपर्यंत थांबावे.