शाडू की कागदाचा लगदा?

गणपतीची नऊ-दहा इंचांची पहिली मूर्ती करायची असेल तर शाडूच घ्या. चूक झाली तर पुन्हा मळता येते, आणि सोंडेचं वळण, बोटांची पेरं लगद्यात इतकी रेखीव येत नाहीत.

शाडू पावडर रात्रभर भिजवून हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा. खरी गोम सांध्यात असते. हात किंवा कान नुसता दाबून लावला की वाळताना गळून पडतो. दोन्ही बाजूंना सुरीने आडव्या-उभ्या रेघा ओढा, शाडूची दाट रबडी लावा, मग दाबा. मूर्ती पंख्याखाली ठेवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि पोटावर तडा जातो. पहिले दोन दिवस पातळ प्लास्टिक सैलसर झाका.

लगद्याची मोठी मूर्ती मात्र हलकी. लिफ्ट नसलेल्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून उतरवताना हा फरक खांद्याला कळतो. वर्तमानपत्र रात्रभर भिजवा, वाटा, घट्ट पिळा, मैद्याची खळ आणि व्हायटिंग पावडर (खडूची पांढरी भुकटी) मिसळा. गुळगुळीत मासिकाचा कागद नको, तो नीट भिजत नाही. थर अर्ध्या सेंटिमीटरचाच द्या, एक वाळल्यावर दुसरा. मुंबईच्या जुलैतल्या दमट हवेत जाड थर आत ओला राहतो, बुरशी धरतो. म्हणून लगद्याचं काम मे महिन्यातच उरकावं. विसर्जनाला दोन्ही पाण्यात सुट्या होतात, पण लगदा गाळून काढावा लागतो.