होम सर्व्हरला एसएसडी: ९९० प्रो की पीएम८९३?

मित्राने छोटा थिंकसेंटर टायनी (लेनोवोचा मिनी पीसी) घेतलाय प्रॉक्समॉक्ससाठी, म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सिस्टीमसाठी, आणि अडकलाय इथेच, सॅमसंगची ९९० प्रो एनव्हीएमई (वेगवान, घरगुती वापराची) घेऊ की सॅमसंगचीच पीएम८९३ साटा (जुन्या, हळू जोडणीची, पण सर्व्हरसाठी बनवलेली).

९९० प्रोच्या डब्यावरचा सेकंदाला ७४५० एमबी स्पीड विसर बाबा, चार व्हीएम आणि पायहोल (घरभरच्या जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) चालवताना तो कुठे दिसणारे? साटा ५५० च्या आसपास अडकते, घरी पुरतं.

खरा फरक टिकण्यात. ९९० प्रो १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू (वॉरंटीत एकूण किती टीबी लिहिता येतं तो आकडा), पीएम८९३ ९६० जीबीला १७५२, म्हणजे जवळपास तिप्पट. प्रॉक्समॉक्स लॉग आणि क्लस्टरचा डेटा सारखा लिहीत बसतं, त्यात झेडएफएस (डेटा जपणारी फाइल सिस्टीम) असेल तर अजून लिखाण. शिवाय पीएम८९३ मध्ये कपॅसिटर असतात, लाईट गेली तरी कॅशमधला डेटा वाचतो, आणि त्यामुळेच सिंक राइट (डेटा नक्की लिहिला गेला याची खात्री होईपर्यंत थांबणारं लिखाण) पण पटापट होतात, डेटाबेसवाल्या व्हीएमला हे लगेच जाणवतं. आमच्याकडे लाईट किती जाते विचारू नकोस :)

किंमत? पीएम८९३ सर्व्हरमधून काढलेली घेतलीस तर स्वस्त पडते, पण आधी स्मार्टमधला (ड्राइव्ह स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) वेअर, म्हणजे झीज, बघ.

लॅब करून मोडायची असेल, इएक्सटी४ (लिनक्सची साधी फाइल सिस्टीम) आणि रोजचा बॅकअप असेल तर ९९० प्रो. झेडएफएस, नेक्स्टक्लाऊड (स्वतःचं घरगुती क्लाऊड स्टोरेज), घरच्यांचे फोटो असतील तर डोळे झाकून पीएम८९३.