मिरजेचा तंबोरा: काय पाहून घ्यावा आणि कुठे अडतो

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तंबोरा आजही पैसे वसूल करून देतो, पण तो समोर बसून, वाजवून घेतला तरच. फोटो पाहून मागवलात तर नक्षी दिसेल आणि पॉलिश दिसेल, जवारी, म्हणजे तारेच्या आवाजाला झालर आणणारी घोडीची घासणी, दिसणार नाही. खरे पैसे तर जवारीचेच असतात.

हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबातल्या फरीदसाहेबांपासून एकोणिसाव्या शतकात हा धंदा इथे रुजला. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. ते योग्यच झालं, पण मानांकनामुळे वाद्य कुठलं एवढंच कळतं. तुमच्या मांडीवरचा तंबोरा बोलतो की नाही, हे कानानंच ठरवायचं.

आधी सांगाडा पाहा. भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातला, कडू जातीचा, वाळवून कडक केलेला असतो. बोटाच्या पेरानं चारही बाजूंनी टिचक्या मारा. एखाद्या ठिकाणी आवाज फाटका आला तर रंगाखाली चीर असण्याची शक्यता धरा. बारीक छिद्रं किंवा पिठासारखा भुगा दिसला तर कीड आहे, तो नग परत ठेवा. गळ्याचा सांधा, म्हणजे दांडी भोपळ्याला मिळते ती जागा, अंगठ्यानं दाबून पाहा, किंचितही हलता कामा नये. घोडीभोवती, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीभोवती, तबली (भोपळ्याच्या तोंडावरचं लाकडी झाकण) खाली दबलेली असेल तर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, कारण तारांचा ताण ती आणखी खाली ओढत राहतो. पानाफुलांचं कोरीवकाम आणि पांढऱ्या पट्ट्यांची सजावट यांनी किंमत चढते, नादात भर पडत नाही. बजेट बेताचं असेल तर साधा नग मागायला लाजू नका.

आता जवारी. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार घासून दिलेला असतो. तार त्या उतारावर घासटत कंप पावते, म्हणून आवाजाला ती लांबणारी झालर येते. तपासायचं असं: तारेखालचं सूत, म्हणजे घोडीवर घातलेला दोरा, काढून तार छेडा, आवाज कोरडा येईल. मग सूत पुन्हा तारेखाली घालून केसाएवढं केसाएवढं सरकवा. एका जागी आवाज एकदम फुलतो. चारही तारांना अशी जागा सापडली पाहिजे, तीही घोडीवर साधारण एकाच पट्ट्यात. एखादी तार अगदी काठावरच उघडत असेल, किंवा सुराऐवजी नुसती झिणझिणत असेल, तर तिथल्या तिथे जवारी पुन्हा काढून मागा. चांगला कारागीर कानशी घेऊन लगेच बसतो. टाळाटाळ झाली तर पुढचं दुकान गाठा.

शेवटची परीक्षा खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या जाड तारेची. चौथी तार एकटी छेडून थांबा. जवारी जमली असेल तर नाद विरता विरता त्यात गांधार स्पष्ट ऐकू येतो. जोडीच्या, म्हणजे मधल्या, दोन तारा मिळवल्यावर मात्र दोन ऐकू येता कामा नयेत.

पट्टी आधी ठरवून जा. पुरुषी तंबोरा साधारण पेटीच्या काळी एकच्या आसपास आणि बायकी काळी चारच्या आसपास लावण्यासाठी बांधलेला असतो. अर्धा-एक सूर इकडेतिकडे चालतो. त्याहून खाली उतरवलात तर खर्ज लोंबकळतो, वर चढवलात तर तारा तुटतात. पहिली तार पंचमाला लावून झाली की मालकंसासाठी मध्यमावर आणि मारव्यासाठी निषादावर लावून पाहा. निषादापर्यंत चढवताना खुंटी सरकते का, हे तिथेच कळतं. दोन जादा संच तारा घ्या आणि प्रत्येक तारेचा नंबर कागदावर लिहून मागा. गावात परत आल्यावर अंदाजानं घातलेल्या तारेनं चांगली जवारीही बिघडल्यासारखी वाटते.

आता तक्रारी. नव्या नगाबरोबर मिळणारी पिशवी बहुतेक वेळा पातळ असते. तिच्यात घालून तंबोरा बसच्या टपावर किंवा सामानात टाकलात तर भोपळा फुटलाच समजा. कडक पेटी वेगळी बनवून घ्या आणि प्रवासाआधी तारा दोन-तीन सूर उतरवा. पूर्ण सोडू नका, घोडी हलते. याच कारणासाठी तारा बदलतानाही एकेकच बदला. सूर बारीक जुळवण्यासाठी तारेत ओवलेले मणीही कधीकधी हलक्या प्रतीचे असतात आणि घसरतात, ते बदलून मागितले तर सहसा बदलून मिळतात. मणी तारदानाकडे, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तिकडे, सरकवला की सूर चढतो. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात आणि एसीच्या खोलीत सैल होऊन सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावा, तेलाचा थेंबही नको.

मोठी अडचण नंतरची आहे. रोजच्या रियाजानं घोडीवर तारांच्या खाचा पडतात आणि वर्ष-दोन वर्षांत जवारी पुन्हा काढावी लागते. पुण्या-मुंबईत हे काम करणारे सापडतात. लहान गावात किंवा परदेशात राहत असाल तर तंबोरा घेण्याआधी त्याची सोय पाहा. घोडी सांबरशिंगाची म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका, ते कायद्यात बसत नाही. उंटाच्या हाडाची किंवा फायबरची घोडी नीट घासलेली असेल तर पुरेशी आहे.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा प्रवासाला आणि पहाटेच्या रियाजाला सोयीचा, सुरात ठाम आणि दुरुस्तीची कटकट नाही. पण तंबोरा जुळवता जुळवता कान तयार होतो, ते त्यात होत नाही. जागेची अडचण असेल तर भोपळ्याविना चपटा तंबोराही मिळतो. त्याची गोलाई कमी असते, पण सूत आणि मणी तेच, आणि दाराआड भिंतीला टेकून मावतो.