तुरीवरचे पेपर शोधायला आठ महिने लायब्ररीचे डेटाबेस वापरले, त्याचा अनुभव

परभणीत तुरीच्या मर रोगावर पीएचडी करतोय. आधी नुसतं गुगल करायचो अन् पहिल्या पानावर जे दिसेल ते डाउनलोड. मग गाईडनी झापलं म्हणून लायब्ररीच्या डेटाबेसकडं (संशोधन-पेपर शोधायची सोय) वळलो आणि पहिल्याच दिवशी 'पिजन पी विल्ट डिसीज इन मराठवाडा रीजन' असं आख्खं वाक्य टाकलं, निकाल आले सहा, त्यातले दोन हरभऱ्याचे. म्हनलं हे कसलं भंगार.

चूक माझ्या शब्दांची होती हे कळायला महिना गेला. तुरीला इंग्रजीत कुणी पिजनपी जोडून लिहितं, कुणी पिजन पी तोडून, आपल्याकडचे बरेच जण रेड ग्राम म्हणतात, काही जण नुसतंच कजानस कजान हे शास्त्रीय नाव. डेटाबेसला आपण जे टाकलं तेच दिसतं, त्याला तूर माहीत नाही. मग चारही नावं 'ऑर'नं (यातलं कुठलंही चालेल) जोडून एका कंसात टाकली, दोन शब्दांच्या नावांना दुहेरी अवतरण म्हणजे ते शब्द जोडीनंच शोधले जातात, पुढं 'अँड' (दोन्ही हवेत) लावून दुसऱ्या कंसात विल्ट म्हणजे मर ऑर तिची बुरशी फ्युजेरियम उडुम, आणि मराठवाडा काढूनच टाकलं कारण लेखक बदनापूर लिहितो, परभणी लिहितो, नाहीतर नुसतं महाराष्ट्र. निकाल लई वाढले, पण टायटल-ॲब्स्ट्रॅक्टपुरताच (शीर्षक अन् सारांश) शोध ठेवला की वाचण्यासारखे उरतात.

नको तो शब्द वगळणाऱ्या 'नॉट'पासून मात्र जपून. कापसाचे पेपर नकोत म्हणून मी 'नॉट कॉटन' लावलं आणि दोन महिने खुश होतो, नंतर लक्षात आलं की कपाशीत तुरीचं आंतरपीक घेतलेले सगळेच प्रयोग त्यात उडाले. आपल्या भागात बांधाबांधाला तेच दिसतं, अन् मी तेच वगळून बसलेलो!

गुगल स्कॉलर सोडलं नाही. एक चांगला पेपर हाती लागला की त्याचं 'साइटेड बाय' (त्याचा संदर्भ देणाऱ्या पेपरांची यादी) उघडायचं, नंतरचं काम तिथंच सापडतं. फक्त निकाल हजारोंनी दाखवले तरी पहिल्या 1000 च्या पुढं ते जाऊ देत नाही. प्रबंधांसाठी शोधगंगा (भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) बेस्ट, पण प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ, आणि जुन्या फॉन्टातला मराठी प्रबंध असला तर कॉपी केल्यावर निव्वळ गिचमिड, त्यात शब्द शोधणं विसरा.

पेपर विकत घ्यायला पैशांची अडचण मोठी होती, ती 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्र सरकारची जर्नल-वर्गणीची योजना आल्यावर बरीच कमी झाली, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नलं. पण ते सरकारी संस्थांना, माझा मित्र विनाअनुदानित कॉलेजात आहे, तो अजून मलाच पीडीएफ मागतो. आणि घरून लॉगिन करायचं तर पासवर्ड रीसेटला आमच्याकडं चार दिवस लागले, फोन उचलायलाच कुणी नाही.

एकच सवय लावून घेतली, वहीत तारीख, कुठला डेटाबेस, काय टाकलं, किती निकाल आले हे जसंच्या तसं लिहायचं. ज्युनियर ती वही झेरॉक्सला म्हणून घेऊन गेलाय, आज आठवा दिवस.